चौघं, एक कंट्रोलर आणि ‘विचर ३’: सांगलीतल्या एका खोलीचं प्रकरण

मोठ्या ओपन-वर्ल्ड रोल-प्लेइंग खेळाबद्दल (म्हणजे अफाट नकाशावर मनासारखं फिरत एका पात्राची भूमिका निभवायच्या व्हिडिओ गेमबद्दल) मत देणारा माणूस बहुधा तो एकट्याने खेळलेला असतो. एकट्याने खेळताना कंटाळा उशिरा कळतो. हात चालू असतात, नकाशावरची खूण जवळ येत असते, आणि तेवढ्यात रात्रीचा एक वाजतो. शेजारी बसून बघणाऱ्याचं तसं नसतं. त्याला मजा आली तर तो बसतो, नाही आली तर उठून जातो. ‘द विचर ३: वाइल्ड हंट’ हा खेळ आम्ही चौघांनी एकाच खोलीत मिळून बघितला आणि खेळला. खोली कधी भरली आणि कधी रिकामी झाली, याची ही नोंद आहे. या खेळाची ताकद आणि कमजोरी मला यातून जितकी नीट कळली, तितकी तो एकट्याने पूर्ण करतानाही कळली नव्हती.

पुढे कथेतली बरीच वळणं उघड केली आहेत. खेळ अजून खेळायचा असेल तर आधी तो खेळा.

खोली आणि माणसं

विश्रामबागला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक टीव्ही आहे. मावसभावाचा लॅपटॉप केबलने त्याला जोडला. लॅपटॉपमध्ये जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे मध्यम कुवतीचं. २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या मोठ्या अपडेटनंतर खेळ सुरू करताना डायरेक्टएक्स (पडद्यावर चित्र उमटवणारं सॉफ्टवेअर) ११ की १२ असं विचारलं जातं. अशा कार्डावर ११ निवडावं, १२ वर चित्र अडखळतं. एवढं केलं आणि ग्राफिक्स मध्यमवर ठेवले की खेळ व्यवस्थित चालतो. तांत्रिक बाजूबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं आमच्याकडे काही घडलं नाही.

कंट्रोलर बहुतेक वेळ मावसभावाच्या हातात. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचा मित्र मूळचा जत तालुक्यातला. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो आणि संध्याकाळी दुकान आवरून येतो. माझी मोठी बहीण, ताई, हौशी नाटकांत काम करते. तिने आयुष्यात कधी व्हिडिओ गेम खेळला नव्हता. चौथा मी. मी हा खेळ आधी एकदा पूर्ण केला होता, म्हणून पुढचं काही बोलायचं नाही अशी मला ताकीद होती. दिवस पावसाळ्याचे. आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं हे विचारत लोक घरात बसतात, तो काळ. संध्याकाळी भडंगाची परात मध्ये ठेवून बसायचं, असं सुरू झालं.

एक नियम ताईने घातला: संवादात निवड करायची वेळ आली की थांबायचं आणि सगळ्यांनी बोलायचं. खेळ इंग्रजीत, खाली अक्षरंही इंग्रजीत. मराठी किंवा हिंदी यात नाही. मित्राचं शिक्षण मराठी माध्यमातलं, त्यामुळे भराभर येणाऱ्या ओळी वाचताना त्याची दमछाक व्हायची. ताई त्याला थोडक्यात मराठीत सांगायची. निवडीच्या वेळी पडदा बहुतेकदा थांबून राहतो, म्हणून हे जमलं. काही ठिकाणी मात्र उत्तराखाली एक पट्टी सरकत संपत जाते आणि तेवढ्यात ठरवावं लागतं. तिथे आरडाओरडा व्हायचा.

खेळाबद्दल आवश्यक तेवढं

हा खेळ सीडी प्रोजेक्ट रेड या वॉर्सातल्या पोलिश कंपनीने केला आणि १९ मे २०१५ ला तो बाजारात आला. आंद्रेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथा-कादंबऱ्यांतलं जग त्यात घेतलं आहे. गेराल्ट हा विचर. लहानपणी औषधं पाजून, शरीर पालटून तयार केलेला, पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस. सिरी त्याची मानलेली मुलगी. ती हरवली आहे, एक भुताटकीची फौज तिच्या मागावर आहे, आणि तिला शोधायचं आहे. फक्त मुख्य कथा खेळली तर साधारण ५० तास लागतात. बाजूची कामं धरली तर १०० च्या पुढे सहज जातो. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला, आणि २०२३ पर्यंत त्याच्या ५ कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या.

विहिरीपासून सुरुवात

पहिला प्रदेश व्हाइट ऑर्चर्ड. लहान, हिरवा, नुकतंच युद्ध होऊन गेलेला. इथे खेळ शिकवला जातो, पण शिकवणी वाटत नाही, कारण प्रत्येक काम कुणाच्या तरी घरातून निघतं.

एका ओसाड वस्तीतल्या विहिरीवर भरदुपारी एक बाईचं भूत फिरतं. गावातल्या एका माणसाची मुलगी आजारी आहे आणि तिला स्वच्छ पाणी पाहिजे, म्हणून ती विहीर मोकळी व्हायला हवी. गेराल्ट थेट तलवार काढत नाही. तो जळालेल्या घरांत फिरतो, जुन्या नोंदी वाचतो, विहिरीत उतरतो. मग कळतं की त्या बाईला मारून विहिरीत टांगलं होतं आणि तिचं कांकण अजून तळाशी आहे. ते आणून तिच्या अवशेषांसोबत जाळल्याशिवाय ती सुटणार नाही. काम संपल्यावर त्या माणसाकडून मोबदला नको असंही म्हणता येतं.

जतच्या मित्राला हे काम लगेच भिडलं. त्याच्याकडे विहीर म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नाही. “पैसे घ्यायचे नाहीत,” तो म्हणाला. “पाण्यासाठी बोलावलंय त्यानं.” मावसभावाला पैसे पाहिजे होते, कारण तलवार दुरुस्तीला आली होती. मतदान झालं, पैसे घेतले नाहीत. खेळ सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता, आणि एका काल्पनिक गरीब माणसाच्या पैशांवरून दोन मित्र खरेखुरे भांडले होते. ‘विचर ३’ ची पहिली ताकद ही: इथे राक्षस हा शेवटचा भाग असतो. त्याआधी तो का आला याची चौकशी असते, आणि चौकशीत माणसं उघडी पडतात.

मोबदल्यावर घासाघीस करता येते, हेही मित्राला आवडलं. रक्कम वाढवत नेली की समोरच्याच्या रागाची पट्टी चढते. फार ताणलं तर तो चिडतो आणि मग तो म्हणेल त्यावर राजी व्हावं लागतं. अडतीवर दिवस काढणाऱ्या माणसाला ही पट्टी दोन-तीन वेळांतच पाठ झाली. मग त्याचा त्यातला रस संपला. विधवेशी आणि सावकाराशी सौदा करताना पट्टी तीच, युक्तीही तीच. त्याने ओळखलेली ही कमतरता पुढे खेळाच्या बऱ्याच यंत्रणांत दिसली. त्या एकदा कळल्या की त्यांच्यात नवं काही उरत नाही.

बॅरनचं घर

मग वेलेन. दलदल, फासावर लटकलेले मृतदेह, पळून गेलेल्यांची रिकामी घरं, भुकेली माणसं. दोन सैन्यांच्या मधला मुलूख. इथे सिरीची माहिती फिलिप स्ट्रेंगर नावाच्या माणसाकडे आहे. तो स्वतःला बॅरन म्हणवून घेतो. त्याची बायको ॲना आणि मुलगी तमारा घरातून गायब आहेत; त्या शोधून दे, मग सिरीबद्दल सांगतो, हा त्याचा सौदा.

हा भाग चालू असताना आमच्या खोलीतून कुणी उठलं नाही.

बॅरन आधी विनोदी वाटतो. जाडा, मोकळा, पाहुणचार करणारा. मग घरात मोडतोड झाल्याच्या खुणा सापडतात. मग कळतं की तो दारू पिऊन बायकोला मारायचा. मग, तिने काय केलं होतं ते तो सांगतो. मग, तिच्या पोटातलं मूल गेलं आणि ते त्याने नाव न ठेवता पुरलं, हे बाहेर येतं. पुरलेलं बाळ आता रात्री उठतं. त्याला मारता येतं, नाहीतर शांत करता येतं. शांत करायचं तर बापानेच त्याला हातात घेऊन घराच्या उंबरठ्यापर्यंत चालत जायचं, नाव द्यायचं आणि तिथे पुरायचं. आम्ही शांत करायचं ठरवलं. पावसाळी रात्र, तो जाडा माणूस ते भयानक अर्भक छातीशी धरून चालतो आहे, आणि वाटेत भुतं अंगावर येताहेत. लढाई मावसभावाने केली, पण त्या वेळी कुणाचंही लक्ष लढाईकडे नव्हतं.

ताई म्हणाली ते मी लिहून ठेवलं आहे. “हा माणूस एकदाही पूर्ण खरं बोलत नाही आणि एकदाही पूर्ण खोटं बोलत नाही. असं पात्र लिहिता येणं फार अवघड आहे.” तिने नाटकाच्या तालमीत जशी चर्चा होते तशी चर्चा सुरू केली: त्याला माफी हवी आहे की बायको परत हवी आहे? माफी हवी असती तर त्याने शोध घ्यायला विचर पाठवला असता का? मित्राला त्याच्याबद्दल जराही दया वाटत नव्हती. मावसभावाला वाटत होती. त्या रात्री खेळापेक्षा बोलणंच जास्त झालं.

पुढे दलदलीतल्या तीन जखिणींचं प्रकरण येतं आणि त्यातली ती निवड. एका टेकडीखाली, झाडाच्या मुळांत, एक आत्मा बांधलेला आहे. तो म्हणतो, मला सोडव, जखिणी ज्या अनाथ पोरांना खाणार आहेत त्यांना मी वाचवतो. जखिणींकडचं काम आहे की त्याला मार. तो खरं बोलतोय की नाही हे कळायला मार्ग नाही. आम्ही त्याला सोडलं. पोरं वाचली. पण डाउनवॉरन गावाचा विध्वंस झाला, ॲना शापाने गेली, आणि आम्ही परत आलो तेव्हा बॅरनने गळफास घेतला होता.

मित्र रागावला. “आधी कळायला पायजे होतं की. हे काय बरोबर न्हाई.” त्याचा मुद्दा साधा: परिणाम माहीत नसेल तर निवडीला अर्थ काय? ताईचं म्हणणं उलट: परिणाम आधी कळला तर ती निवड राहत नाही, हिशेब होतो. मी ताईच्या बाजूने आहे. वेलेनमध्ये खेळाने कुठेही फसवलेलं नाही. तो आत्मा धोकादायक आहे याच्या खुणा गावकऱ्यांच्या बोलण्यात, आसपास पडलेल्या प्रेतांत आधीपासून होत्या. ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ अशी मीटरं या खेळात नाहीत, वर कोपऱ्यात पुण्याचा आकडा वाढत नाही. काय केलं ते पुढे समोर येऊन उभं राहतं, इतकंच. रोल-प्लेइंग खेळांत मला यापेक्षा प्रामाणिक रचना माहीत नाही.

आणि इथे जगाच्या मोठेपणाचा खरा उपयोगही दिसला. बॅरनच्या गढीपर्यंत पोचायला घोड्यावरून जावं लागतं. वाटेत जी गावं लागतात, त्यांत त्याच्याच शिपायांनी धान्य ओरबाडलेलं असतं. त्यावर कुणी भाषण देत नाही, ते फक्त दिसत राहतं. वारा सुटतो, झाडं वाकतात, दूरवर कुत्रं भुंकतं. हा रिकामा प्रवास नसता तर बॅरनची कबुली एका खोलीतला तमाशा झाली असती. पुढे मोठेपणावर मी टीका करणार आहे, म्हणून हे आधीच स्पष्ट लिहितो: वेलेनचा विस्तार वाया गेलेला नाही.

तवा आणि पोरगी

एक जुनी अडचण इथेच नोंदवतो. सिरीचा जीव धोक्यात आहे, क्षणाचाही उशीर नको, असं मुख्य कथा सांगत असते. त्याच वेळी एक म्हातारी आपला तवा शोधून द्यायला सांगते, आणि तो शोधता येतो. मित्राने पहिल्याच दिवसांत विचारलं, “पोरगी हरवलीया आणि हा तवा हुडकत बसलाय व्हय?” बरोबर आहे. ओपन-वर्ल्ड खेळात घाई लिहिली की ती खोटीच ठरते, कारण नकाशा तुम्हाला थांबायला सांगत असतो. गेराल्ट पोटासाठी काम करणारा माणूस आहे, त्यामुळे वाटेत सुपारी घेणं त्याला शोभतं, एवढी एक सबब खेळाकडे आहे. तरी नोव्हिग्राडला पोचेपर्यंत सिरीची काळजी आमच्यापैकी कुणालाच उरली नव्हती. लेखनाच्या दृष्टीने हा मोठा दोष आहे.

लूट, पातळी आणि रिकामी होत गेलेली खोली

पहिल्यांदा ताई उठली ती इन्व्हेंटरीच्या, म्हणजे जमवलेलं सामान आवरायच्या वेळी.

गेराल्ट जे सापडेल ते उचलतो. त्याला सुरुवातीला ६० वजन पेलता येतं; घोड्याच्या पिशव्या घेतल्या की वाढतं. त्यावर गेलं की तो धावत नाही. मग दुकान शोधा, तलवारी विका. दुकानदाराकडचे पैसे संपले की दुसरं दुकान. खेळ बाजारात आला तेव्हा हे आणखी वाईट होतं. वनस्पती आणि कच्च्या मालाचंही वजन धरलं जायचं. २०१५ च्या जुलैतल्या १.०७ पॅचने, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटने, ते वजन काढलं, सामान ठेवायला पेटी दिली, आणि गेराल्टच्या जड हालचालीला पर्याय दिला. खेळाडूंनी सांगितलेलं कंपनीने ऐकलं आणि पैसे न मागता दुरुस्त केलं, हे तिच्या बाजूने लिहायलाच हवं. पण मूळ दुखणं राहिलं.

ते दुखणं असं. पेटीत सापडणारी तलवार बहुतेकदा चिठ्ठी काढल्यासारखी येते. तिला पातळीची अट असते, म्हणजे गेराल्ट तेवढा अनुभव कमावून वर चढल्याशिवाय ती वापरता येत नाही. कड्यावर चढून, चार भुतं मारून उघडलेल्या पेटीत हातातल्या तलवारीपेक्षा हलकी तलवार निघते, नाहीतर अजून चार पातळ्यांनी वापरता येईल अशी. उलट विचरांच्या जुन्या घराण्यांची हत्यारं, म्हणजे ग्रिफिन, मांजर, अस्वल, लांडगा, यांचे आराखडे शोधायची कामं चांगली आहेत. पत्रं सापडतात, कुणा जुन्या विचरची गोष्ट उलगडते, आणि मिळतं ते खरंच उपयोगाचं असतं. ते एकदा मिळालं की बाकी सगळ्या पेट्या निरर्थक होतात. तरी त्या नकाशावर शेकड्यांनी मांडलेल्या आहेत.

पातळीचंही तसंच. मावसभावाने वेलेनमधलं दिसेल ते काम केलं. त्यामुळे तो इतका वर गेला की मुख्य कथेची कामं यादीत राखाडी झाली, त्यातून अनुभवाचे गुण जवळपास मिळेनात, आणि शत्रू दोन घावांत पडायला लागले. जो खेळाडू खेळावर सगळ्यात जास्त प्रेम करतो, त्यालाच खेळ बेचव करून देणारी ही रचना आहे. शत्रूंची पातळी आपल्याबरोबर वाढवायचा पर्याय ‘ब्लड अँड वाइन’ या पुरवणीच्या वेळी, २०१६ मध्ये, दिला गेला, तो सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावा लागतो. मावसभावाला तो माहीत नव्हता.

लढाईबद्दल थोडक्यात. माणसांसाठी पोलादी तलवार, राक्षसांसाठी चांदीची, पाच मंत्रचिन्हं, तेलं, काढे, बाँब. कागदावर भरपूर. साध्या काठिण्यावर यातलं बहुतेक लागतच नाही; ढालीचं क्वेन चिन्ह लावायचं, बाजूला सरकायचं, मारायचं. काठिण्य वाढवलं की तेल आणि काढे खरे लागतात, आधी वाचून जावं लागतं, आणि गेराल्ट खरोखर विचर वाटतो. ज्यांना थोडीफार सवय आहे त्यांनी तिसऱ्या काठिण्यावरच खेळावं.

नोव्हिग्राड आणि स्केलिगे

नोव्हिग्राड शहर म्हणून अप्रतिम आहे, कथा म्हणून रेंगाळतं. गेराल्टचा कवी मित्र डँडेलियन कुठे आहे हे एकाला माहीत, तो दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा आधी त्याचं काम सांगतो. मित्र या दिवसांत यायचा आणि मोबाइल बघत बसायचा. अपवाद एक. एका रूप बदलणाऱ्याला लपण्यातून बाहेर काढण्यासाठी नाटक बसवावं लागतं. नट निवडायचे, नाटक हलकंफुलकं की गंभीर ते ठरवायचं, आणि शेवटी गेराल्टला स्वतः रंगमंचावर उभं राहून योग्य ओळ निवडून म्हणावी लागते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे ‘सीता स्वयंवर’ उभं केलं त्या गावातली नटी हे बघत होती. तिने कंट्रोलर मागून घेतला. एवढ्या मोठ्या खेळात तिने स्वतः खेळलेला हा पहिला भाग.

ग्वेंट या पत्त्यांच्या खेळात मावसभाऊ आणि मित्र दोघेही बुडाले. तो चांगला आहे, जवळपास स्वतंत्र खेळ आहे.

मग स्केलिगेची बेटं आली आणि प्रकरण बिघडलं. गावातला फलक वाचला की नकाशावर प्रश्नचिन्हं उमटतात. जमिनीवर ती सुसह्य आहेत. स्केलिगेच्या समुद्रात ती पसरून टाकली आहेत. होडीने जायचं, अंगावर येणाऱ्या उडत्या सायरन पाडायच्या, पाण्यातून तस्करांचा माल उचलायचा. त्यात गोष्ट नाही, माणूस नाही, चिठ्ठीसुद्धा क्वचित. मावसभावाने ती सगळी संपवायची ठरवली.

ताई येईनाशी झाली. मित्र ‘हंगाम आहे’ म्हणायला लागला. मीही खाली जेवायला गेलो की परत वर जात नव्हतो. तो एकटाच वर बसून होडी हाकत होता, आणि त्याला विचारलं तर तोही खूश नव्हता. “अर्धं केलंय, आता कसं सोडू?” असं म्हणाला. मला वाटतं हे वाक्य या प्रकारच्या खेळांचं सगळ्यात मोठं दुखणं सांगतं. प्रश्नचिन्ह ठेवणाऱ्याने खेळाडूला एक ऋण लावून दिलं आहे. फेडण्यात आनंद नाही, सोडण्यात रुखरुख आहे. आणि पुढे तो महिनाअखेरपर्यंत खेळाकडे फिरकला नाही. संपवलाही नाही, सोडलाही नाही.

काय बदललं

बदल तीन केले. एक, नकाशाचा फिल्टर. २०२२ च्या अपडेटपासून नकाशा सुरुवातीलाच प्रश्नचिन्हं आणि होड्या लपवून दाखवतो. मावसभावाने तो ‘सगळं दाखव’वर बदलून ठेवला होता. तो परत मूळ जागी आणला. कंपनीने सात वर्षांनी स्वतःच्याच खुणा झाकून ठेवणं ही मला त्या खुणांवरची सगळ्यात स्पष्ट टीका वाटते. दोन, काठिण्य वाढवलं आणि शत्रूंची पातळी वाढवायचा पर्याय चालू केला. तीन, ताईचा नवा नियम: ज्या कामात कुणी तरी माणूस बोलतो तेवढंच करायचं.

दुसऱ्याच बैठकीत उदालरिकचं काम लागलं. एका सरदाराला अपराधाच्या भावनेवर जगणारं भूत लागलं आहे. ते घालवण्यासाठी सेरिस नावाची तरुणी अचानक गेराल्टला सांगते की पाळण्यातलं बाळ भट्टीत टाक. विचार करायला वेळ नाही. “टाक!” ताई ओरडली, मित्र “न्हाई!” म्हणाला, आणि मावसभावाने टाकलं. बाळ सुखरूप होतं. अपराध घडलेलाच नव्हता, म्हणून सरदाराला सोडून गेराल्टला चिकटलेलं भूत फसलं. मित्राने कपाळावर हात मारला आणि मग बराच वेळ, सेरिसवर विश्वास का ठेवायचा यावर वाद चालला. हे काम त्याच बेटांवर आधीपासून होतं. समुद्रातल्या पेट्यांच्या मागे लागल्यामुळे ते आमच्यापर्यंत पोचत नव्हतं.

त्यानंतर खेळ कुठेही थांबला नाही.

शेवटाबद्दल एक तक्रार आणि एक कौतुक. तक्रार अशी की मोठी लढाई झाल्यावरचा तिसरा भाग घाईत उरकला आहे, आणि भुताटकीच्या फौजेचा म्होरक्या एरेदिन हा खलनायक पोकळ आहे. इतका वेळ ज्याची भीती घातली त्याला बोलायला नीट दोन प्रसंगही नाहीत. कौतुक असं की सिरीचं काय होणार हे तलवारीने ठरत नाही. ते बाप म्हणून गेराल्ट तिच्याशी कसा वागला यावर ठरतं: ती खचली असताना नुसती समजूत घातली की बर्फाचे गोळे फेकत खेळला, जादूगारणींच्या सभेत तिच्याबरोबर आत घुसला की तिला एकटीला जाऊ दिलं. या निवडी महत्त्वाच्या आहेत हे खेळ सांगत नाही, आणि मागे ठेवलेली ती मोजणी काही जणांना अन्यायाची वाटते. ताई त्या वेळी प्रत्येकदा म्हणत होती, “तिला बोलू दे.” आमची सिरी विचर झाली. ताईने काही वाचलेलं नव्हतं, कुणी सांगितलेलं नव्हतं. प्रसंग नीट लिहिले असले की बघणाऱ्याला ते असे कळतात.

दोन पुरवण्या

२०१५ च्या ऑक्टोबरातली ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ ही मूळ खेळाला जोडलेली वेगळी कथा आम्ही त्यानंतर लगेच घेतली. ती लहान आहे, दहा-बारा तासांची. गाँटर ओ’डिम नावाचा एक साधा दिसणारा फिरस्ता, त्याने ओलगिएर्डशी केलेला करार, आणि त्यात अडकलेला गेराल्ट. खलनायक मूळ खेळात हवा होता तसा. एका लग्नाच्या मेजवानीत गेराल्टच्या अंगात एक मेलेला, खुशालचेंडू माणूस शिरतो आणि मनसोक्त मजा करतो, तो भाग बघताना मित्र खुर्चीवरून खाली आला. २०१६ ची ‘ब्लड अँड वाइन’ तुसाँ या नव्या, उजळ प्रदेशात घडते. तिथेही नकाशावर खुणा आहेत, पण छावण्या उठवल्या की आसपासचे द्राक्षमळे मालकांच्या ताब्यात परत जातात, म्हणजे कामाला कारण तरी आहे. वेलेनपासून तुसाँपर्यंत येताना ही मंडळी काय शिकली ते तिथे दिसतं.

याच मालिकेचा पुढचा खेळ सिरीला नायिका करून येणार असल्याचं २०२४ च्या डिसेंबरात जाहीर झालं. मावसभावाला त्यात आणखी मोठा नकाशा हवा आहे. मित्राला बॅरनसारखी आणखी तीन-चार घरं हवी आहेत, नकाशा व्हाइट ऑर्चर्डएवढा असला तरी चालेल म्हणतो. मी मित्राच्या बाजूने मत दिलं. ताईने अजून दिलेलं नाही, कारण तिला तुसाँ संपवायचं आहे आणि सध्या कंट्रोलर तिच्याकडे आहे.